कुंडीतले कांदे



आमच्या घरात कांदा येत नाही, पण बाल्कनीतल्या एका कुंडीत अकरा कांदे आहेत. लिलीचे! कुणी पाहुण्या आल्या की सासूबाई हे मुद्दाम सांगतात आणि माझ्याकडे बघून हसतात. वळवाचा पाऊस पडून गेला की तीन-चार दिवसांत त्या कुंडीतून गुलाबी फुलं वर येतात. एरवी वर्षभर गवत उगवल्यासारखं दिसतं, आणि एकदा तर कामवाल्या मावशींनी ते गवत समजून उपटायला घेतलं होतं.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनी पूर्वेकडची, ऊन साडेदहापर्यंत. एमआयडीसी फार लांब नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथला रस्ता गुलाबी झाला होता, ते टीव्हीवर तुम्हीही पाहिलं असेल. त्यामुळे पानांवर काही ना काही थर बसतोच. दर रविवारी ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसायचं, हा माझा नेम. या नेमाचं पुढे काय झालं ते सांगतेच.

उन्हाळा मोगऱ्याचा. माघात त्याची छाटणी करते, पानं काढून टाकते, लेंडीखत घालते. चैत्रात कळ्या धरतात आणि मे संपेपर्यंत रोज ओंजळभर फुलं मिळतात. पावसाळ्यात गुलबक्षी आणि तेरडा आपापले उगवतात, त्यांना कुणी बोलवावं लागत नाही. आषाढातल्या चतुर्दशीपासून मात्र माझं खुरपं बंद. चातुर्मासात माती उकरायची नाही, कुंडी बदलायची नाही. मातीत तेव्हा गांडुळं, अळ्या, नाना जीव असतात. जे काय उलथापालथ करायची ती त्याआधी. कुंड्यांखालच्या ताटल्याही पावसाळ्यात काढून ठेवते. साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. तो झाल्यावर मारायचा की सोडायचा, हा प्रश्न घरात येऊच द्यायचा नाही.

ब्रह्मकमळही याच दिवसांतलं. खरं तर ते निवडुंगाच्या जातीचं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळंच. पण आमच्या मजल्यावर हे कुणाला सांगून उपयोग नाही. कळी फुगली की चारही घरांत निरोप जातो. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या सासूबाई त्या रात्री अकरापर्यंत खुर्ची टाकून बसतात. आम्ही ते फूल तोडत नाही. सकाळपर्यंत मान टाकतं, टाकू दे.

पाऊस ओसरला की खाली सोसायटीच्या आवारात प्राजक्ताचा सडा पडतो. झाडानेच सोडलेलं फूल, म्हणून मला ते सगळ्यांत जवळचं वाटतं. आम्ही दक्षिण महाराष्ट्रातले, बीसपंथी, आमच्या पूजेत फूल वाहतात. समोरच्या राजस्थानी काकू दिगंबरच, पण तेरापंथी. त्या अष्टद्रव्यात केशरात रंगवलेले तांदूळ पुष्प म्हणून वाहतात. माझी परडी बघून त्या काही बोलत नाहीत. मीही त्यांच्या तांदळांविषयी बोलत नाही.

थंडीत शेवंती. ती मी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या नर्सरीतून आणते. तिथे एकच गोष्ट विचारून घ्यावी लागते, की मातीत बोनमील आहे का. हाडांचा चुरा गुलाबाला नि शेवंतीला सर्रास घालतात. मी साधी माती घेते आणि घरी निंबोळी पेंड मिसळते. फुलं थोडी लहान येतात.

तर हे सगळं छान चाललेलं असताना, मागच्या वर्षी दशलक्षण पर्वाच्या थोडं आधी सासूबाई रत्नकरंड श्रावकाचार वाचत होत्या. आचार्य समंतभद्रांनी त्यात श्रावकाची व्रतं सांगितली आहेत. त्यातलं एक अनर्थदंडव्रत, म्हणजे कारण नसताना होणारं पाप टाळायचं. विनाकारण जमीन उकरणं, पाणी सांडणं, झाडपाला तोडणं ही त्यातली प्रमादचर्या. सासूबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, “अगं, तुळस औषधाला, कढीपत्ता फोडणीला. ही शोभेची झाडं कशाला म्हणायची?”

त्या टोचून बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच विचारायचं होतं. पण मला लागलं. कारण त्या वेळी माझी जास्वंद आजारी होती आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ही जास्वंद माझ्या माहेरची, शिरोळ तालुक्यातली. आईच्या परसातल्या झाडाची वीतभर फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून मी रात्रीच्या गाडीने आणली होती. आई गेली, मग ते घरही विकलं. त्या झाडाचं जे काय उरलं ते माझ्या कुंडीत. त्या श्रावणात मुलाच्या परीक्षेचं निमित्त झालं आणि महिनाभर माझं पानं पुसणं राहून गेलं. एक दिवस पाहते तर शेंड्यांवर पांढरा कापूस. पिठ्या ढेकूण! खोडावरून मुंग्यांची रांग. हे ढेकूण गोड चिकटा सोडतात, त्यासाठी मुंग्या त्यांना राखतात.

नर्सरीवाल्याने औषध सांगितलं. मैत्रिणीने साबणाचं पाणी सांगितलं. साबणाचं पाणी ऐकायला सौम्य वाटतं, पण काम मारायचंच करतं. घर चालवताना होते ती आरंभी हिंसा, ती गृहस्थाला पूर्ण सुटत नाही. ठरवून मारणं ही संकल्पी, ती श्रावकाने सोडायचीच. मग हातात फवारा घेऊन झाडासमोर उभी राहते ती कोण? आमचे हे म्हणाले, “विरोधी हिंसा म्हण आणि मोकळी हो.” पण आक्रमण कुणी केलं होतं? मीच खत जास्त घालून कोवळी पालवी आणली, कुंड्या खेटून ठेवल्या आणि वर महिनाभर पाहिलंही नाही. फूल लावणं हा प्रमाद की काय ते सासूबाई ठरवोत. हे न पाहणं तर नक्कीच प्रमाद होता.

आठ दिवस मी काहीच केलं नाही. तेवढ्यात कीड मोगऱ्यावर गेली. मी हात आखडता घेतल्याने जीव वाचले नव्हते, उलट वाढत होते.

शेवटी सासूबाईंना सांगितलं. त्या उठल्या, बाल्कनीत आल्या, जास्वंद निरखली. मला वाटलं आता प्रवचन. म्हणाल्या, “कात्री आण.” किडलेली प्रत्येक फांदी आम्ही हळूच कापून जुन्या सुपात ठेवली आणि सोसायटीच्या भिंतीमागे जिथे रान माजलंय तिथे झाडोऱ्यात नेऊन टेकवली. अशा तीन फेऱ्या झाल्या. काही जीव बोटांखाली गेलेच, खोटं कशाला सांगू? राहिलेल्या झाडाला रोज साध्या पाण्याने धुतलं, कुंड्या लांब केल्या. खाली उरलं ते वीतभर खोड, आईकडून आणलं होतं तेवढंच.

क्षमावाणीच्या दिवशी सकाळी सासूबाई घरातल्या सगळ्यांना ‘उत्तम क्षमा’ म्हणून झाल्यावर बाल्कनीत गेल्या. तिथे किती वेळ होत्या ते मी पाहिलं नाही, पोळ्या करत होते.

कार्तिकात खोडाला दोन पानं आली. यंदा वैशाखात पहिलं फूल, तांबडं, एकेरी पाकळ्यांचं. रविवारचं फडकं आता आम्ही दोघी मिळून फिरवतो. वरची पानं माझी, बसून पुसायची ती त्यांची. परवा लिलीची कुंडी पुसताना त्या म्हणाल्या, “हे दाटलेत गं. आषाढाच्या आत यातले तीन-चार वेगळे करून माझ्या खिडकीत लाव.”

“कांदे, आई?”

“लाव म्हटलं की.”