सुपरहिरो, क्रमशः

१९७८च्या डिसेंबरात अमेरिकेत ‘सुपरमॅन’ लागला, तेव्हा जाहिरातीत हमी एकच होती: माणूस उडतो यावर तुमचा विश्वास बसेल. खर्च साडेपाच कोटी डॉलर, त्या काळी डोळे पांढरे करणारा. नायकाच्या बापाच्या छोट्याशा कामासाठी मार्लन ब्रँडोनं किती पैसे घेतले याची चर्चा पुढे कितीतरी वर्षं चालली. पण सगळी मदार होती ती उडण्यावर. झोरान पेरिसिक नावाच्या तंत्रज्ञानं समोरचा कॅमेरा आणि पडद्यावर आकाश फेकणारा प्रोजेक्टर, दोघांच्या झूम भिंगांची चाल एकमेकांशी बांधून टाकली. दोन्ही भिंगं एकदम फिरली की मागचं आकाश होतं तेवढंच राही आणि मधला माणूस मोठा होत जाई. स्टुडिओत लटकलेला क्रिस्टोफर रीव्ह जागचा हलत नसे, पडद्यावर मात्र थेट अंगावर येई.

आमच्या पिढीला ही मंडळी आधी कागदावर भेटली. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ चांगलं मराठी बोलायचा, कवटीच्या अंगठीचा ठसा गुंडांच्या जबड्यावर उमटवायचा, आणि लायब्ररीतून आणलेला अंक दुसऱ्या दिवशी परत करावा लागायचा. पडद्यावर असलं काही येणं दुर्मिळच. अमेरिकेतला चित्रपट पुण्याच्या अलका किंवा वेस्ट एंडपर्यंत पोचायला बराच काळ जाई. तोवर मुंबईच्या कुणा मावसभावाकडून त्याची गोष्ट तिखटमीठ लावून ऐकून झालेली असे. संवाद निम्मे कळत नसत आणि त्यानं काही बिघडतही नसे. दरम्यान आपल्या लोकांनी घरगुती सोय केलीच. १९८७ मध्ये पुनीत इस्सरचा हिंदी ‘सुपरमॅन’ आला, पुढच्या वर्षी ‘दरिया दिल’मधल्या गाण्यात गोविंदा सुपरमॅन झाला आणि किमी काटकर स्पायडर-वुमन. ते गाणं ज्यांनी पाहिलंय त्यांना आजचं कुठलंही मल्टिव्हर्स अशक्य वाटत नाही.

तेव्हाचं सगळं सोनं होतं, असं मात्र म्हणवत नाही. रीव्हचा चौथा ‘सुपरमॅन’ कमालीचा दरिद्री होता. १९९७च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ची तर अजून टिंगल होते. मार्व्हल कंपनीनं १९९६ मध्ये दिवाळखोरीचा अर्जच केला होता. कचरा तेव्हाही निघे, पण एकदा निघाला की लोक दुकान बंद करून बसत. त्या चौथ्या भागानंतर सुपरमॅनला पडद्यावर परतायला १९ वर्षं लागली, बॅटमॅनला ८. तेवढ्या काळात आपण वाईट विसरत असू आणि चांगल्याची आठवण मुरत असे.

पारडं फिरलं २००२च्या मे महिन्यात. टोबी मॅग्वायरच्या ‘स्पायडर-मॅन’नं अमेरिका-कॅनडात पहिल्या तीनच दिवसांत ११ कोटी ४८ लाख डॉलर गोळा केले. शुक्रवार ते रविवार एवढ्यात दहा कोटींच्या पुढे गेलेला तो पहिला चित्रपट. आपल्याकडे तो हिंदी, तमिळ, तेलुगूतही आला, आणि २००७चा तिसरा भाग चक्क भोजपुरीत. ही गोष्ट मला फार आवडली होती. इंग्रजी सिनेमा म्हणजे शहरातल्या चार थिएटरांची मिरास, हा प्रकार मोडला. पण मोजमापही बदललं. पूर्वी पोस्टरवर रौप्यमहोत्सवी आठवड्याचा आकडा मिरवत. आता सोमवारी सकाळी निकाल लागतो आणि त्यानंतर चित्रपट कसा आहे हे कुणी विचारत नाही.

मग २००८चा ‘आयर्न मॅन’. नावं संपल्यावर सॅम्युएल जॅक्सन अंधारातून पुढे येतो, दोन वाक्यं बोलतो, आणि प्रेक्षकाला कळतं की आपण पाहिलं ते फक्त पहिलं प्रकरण होतं. दिवाळी अंकांवर आणि साप्ताहिकांवर वाढलेल्या माणसाला ‘क्रमशः’ नवीन नाही. तरी अकरा वर्षं आणि बावीस चित्रपट एकच गोष्ट ओढत नेणं हे धाडस होतं, आणि २०१९च्या ‘एंडगेम’नं त्याचं चीज केलं. जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर, भारतात पहिल्याच दिवशी ५० कोटी रुपयांच्या वर, भल्या पहाटेचे खेळ. कॅप्टन अमेरिकानं थॉरचा हातोडा उचलला तेव्हा थिएटरात विसर्जन मिरवणुकीचा गलका झाला. त्या गलक्याचं कारण उघड होतं: गोष्ट संपत होती.

ती संपू दिली नाही, इथेच सगळं बिनसलं. २०२१ पासून चित्रपटांच्या जोडीला ओटीटीवर मालिका सुरू झाल्या. २०२३चा ‘द मार्व्हल्स’ नीट कळायचा तर आधी दोन मालिका पाहून ठेवायच्या. त्यातल्या एकीत, ‘मिस मार्व्हल’मध्ये, आपला फरहान अख्तर होता, हे माझ्या ओळखीत कुणालाच माहीत नव्हतं. चित्रपटानं जगभरात वीस कोटींच्या थोडे वर डॉलर मिळवले, मार्व्हलच्या त्या सगळ्या चित्रपटमालिकेतला नीचांक. त्याच वर्षी ‘द फ्लॅश’ही आपटला. लोक सुपरहिरोंना कंटाळले असं तेव्हा लिहिलं गेलं. मला वाटतं, लोक गृहपाठाला कंटाळले होते.

२०२५ मध्ये जेम्स गननं सुपरमॅन नव्यानं उडवला. आपल्या सेन्सॉरनं त्यातलं ३३ सेकंदांचं चुंबन कापून संस्कृती वाचवली, ते असो. चित्रपट मला आवडला. साठ कोटी डॉलरच्या पुढे गेला म्हणून त्याला यशस्वीही म्हणतात. पण १९७८च्या सुपरमॅननं जगभरातून आणलेले ३० कोटी आजच्या महागाईत धरा, ते शंभर कोटींच्या खूप वर जातात. तारेला टांगलेला माणूस अजून पुढे आहे.

अलीकडे छप्परफाड चालले ते दोन चित्रपट कोणते पाहा. ‘नो वे होम’ (१९० कोटी डॉलर) तीन पिढ्यांचे स्पायडर-मॅन एकत्र आणतो. ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ (१३३ कोटी) ह्यू जॅकमनला थडग्यातून उठवतो, शिवाय १९९८च्या ‘ब्लेड’मधल्या वेस्ली स्नाइप्सलाही. मार्च २०२५ मध्ये ‘डूम्सडे’ या पुढच्या चित्रपटातले कलाकार जाहीर करताना मार्व्हलनं पाच तासांहून जास्त वेळ एकेक रिकामी खुर्ची दाखवली. खुर्चीच्या पाठीवर नाव, बाकी काही नाही. त्यात २०००च्या ‘एक्स-मेन’मधले पॅट्रिक स्टुअर्ट आणि इयन मॅकेलन होते, आणि ‘आयर्न मॅन’ झालेला रॉबर्ट डाउनी ज्युनियर, या वेळी खलनायकाच्या मुखवट्यात. लोकांनी खुर्च्या पाहिल्या. आम्ही स्मरणरंजन फुकट करतो, त्यांनी त्याचं तिकीट लावलं.

डिसेंबर २०२६ ला ठरलेला तो चित्रपट चालेल, यात मला शंका नाही. शंका पुढची आहे. या मुरलेल्या आठवणी ज्या काळात भरल्या गेल्या, तेव्हा नायक मोजके होते. गेल्या पाच वर्षांत आलेल्या डझनावारी नव्या नायकांपैकी कुणाची खुर्ची २०४५ मध्ये लोक पाहत बसतील? मला एकही नाव सुचत नाही.

नवं सुचतंय ते दुसरीकडे. २०२३चा ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती, आणि त्यातला भारतीय स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर मुंबई आणि मॅनहॅटनच्या मिश्रणातून झालेल्या मुंबॅटनमध्ये लोंबकळतो. २०२५चा मल्याळी ‘लोका’ कल्लियंकाट्टू नीली या यक्षिणीची दंतकथा उचलतो, तिला आजच्या बंगळुरूत आणतो, आणि हॉलीवूडच्या तुलनेत चिल्लर खर्चात जगभरातून ३०० कोटी रुपये मिळवतो.

माझ्या भाचीनं तो फोनवर, सबटायटल्स वाचत पाहिला आणि मग नीलीची मूळ कथाही शोधून काढली. मी तिला म्हटलं, डिसेंबरात आपण ‘डूम्सडे’ला जाऊ, पॅट्रिक स्टुअर्ट आहे त्यात.

“मामा, त्याआधी किती भाग बघावे लागतील?”

एक्स-मेनपासून मोजायला मी सुरुवात केली. दहाच्या पुढे गेलो तेव्हा ती उठून गेली होती.