अर्थिंगला पाणी

मे महिन्यातली दुपार होती. बहिणीला लातूरला नीटच्या क्लासला घालून, हॉस्टेलवर सोडून मी आणि बाबा नांदेडला परत निघालो होतो. अंतर जेमतेम १४० किलोमीटर. पण सकाळी नांदेडहून फुल्ल करून निघालेली आमची इलेक्ट्रिक कार अहमदपूरच्या अलीकडं १८ टक्क्यांवर आली. तिथं ढाब्याशेजारी ६० किलोवॉटचा फास्ट चार्जर होता. अर्ध्या तासात काम होईल, असा माझा हिशोब.

चार्जर सुरू झाला आणि चार मिनिटांत बंद पडला. स्क्रीनवर लाल खूण. मी गन काढली, पुन्हा लावली. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा मी ती दाबून धरून बसलो, कारण तशी युक्ती सांगणारा एक व्हिडिओ मी पाहिला होता.

बाबा खाली उतरले. महावितरणमधून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. त्यांनी गनच्या दांड्याला हाताची मागची बाजू लावली आणि लगेच काढून घेतली.

"मशिन नको म्हणायलंय, आन् तू जबरदस्ती करायलास?"

मग प्लास्टिक भाजल्याचा वास मलाही आला.

घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर आपण गाडी रात्रभर लावतो. ६० किलोवॉटच्या चार्जरमधून, ४०० व्होल्ट धरले तर, १५० अँपिअर करंट जातो. म्हणजे दहापट. पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. त्याच जोडणीतून दहापट करंट गेला तर उष्णता शंभरपट. म्हणून फास्ट चार्जरची केबल मनगटाएवढी जाड असते आणि जोडणीत तापमान मोजणारे सेन्सर असतात. पिना झिजल्या, सैल झाल्या, धूळ बसली, की पहिली तापते ती तीच जागा. मार्च २०२५ मध्ये चीनच्या बीवायडी कंपनीने १००० व्होल्ट आणि १००० अँपिअरचं चार्जिंग जाहीर केलं. पाच मिनिटांत ४०० किलोमीटरची रेंज, असा दावा. तिथं केबलसुद्धा आतून द्रव फिरवून गार ठेवावी लागते.

बॅटरीचंही तसंच. तिला झेपेल त्यापेक्षा वेगानं करंट ढकलला, तर लिथियम आत मुरायच्या ऐवजी वरच धातू होऊन साचतं. ते वाढत गेलं तर आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकतं. ८० टक्क्यांनंतर किंवा फार तापल्यावर गाडी चार्जिंगचा वेग कमी करते, ते बॅटरी जपण्यासाठी. आपण मात्र 'स्लो झालं यार' म्हणून वैतागतो.

बाबा चार्जरच्या मागं गेले होते. मला हाक मारली. अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण फुटलेलं, आत ठणठणीत कोरडं. भोवतीच्या काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा.

"ही दोन वेगळी दुखणी हैत," ते म्हणाले. "गन तापायली ती सैल पिनांनी. पण उद्या बॉडीत करंट उतरला, तर त्यानं जायचं कुठून?"

मला लातूरचा २०१६ चा उन्हाळा आठवला. तेव्हा आम्ही तिथं राहायचो. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती आणि आई भांडी धुतलेलं पाणी बादलीत साठवायची. त्यातलं तांब्याभर बाबा घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतायचे. आई चिडायची, "माणसांना नाही, आन् खड्ड्याला पाणी?" कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही, हे तिला पटत नव्हतं असं नाही. पण पाणी कुठून आणायचं?

मी म्हणालो, "चला, पुढं दुसरा चार्जर बघू."

बाबा हलले नाहीत. त्यांनी मला हेल्पलाइनला फोन करायला लावला. दरम्यान एक गाडी आली. मागच्या सीटवर लहान मूल झोपलेलं. बाबांनी त्यांना गन लावू दिली नाही. तो माणूस भडकला, मीही ओशाळलो. मशिन दूरवरून बंद केल्याचं हेल्पलाइनवरून कळेपर्यंत पाऊण तास गेला.

नंतर ढाब्यावर चहा पिताना बाबांनी त्यांच्यासोबतच्या एका हेल्परची गोष्ट सांगितली. गावाला लाइट लवकर पाहिजे होती, फोनवर फोन येत होते. तो खांबावर असतानाच कुणीतरी लाइन चालू केली. एवढंच सांगून ते गप्प बसले.

ढाब्यात १५ अँपिअरचा प्लग होता. बाबांनी गाडीतला टेस्ट लॅम्प काढून आधी त्याची अर्थिंग पाहिली, मगच चार्जर लावू दिला. चार तासांत साधारण १३ युनिट गेले. घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजले.

साधा प्लग म्हणजे सुरक्षित, असंही नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून बॅटरीचे नियम टप्प्याटप्प्याने कडक झाले. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय ठरली आहे. ती व्हायलाच पाहिजे, मलाही हवी आहे. पण चार्जर बसवताना फोटो निघतात. नंतर पिना पुसायला, खड्ड्यात पाणी टाकायला कोण येणार, हे तिथल्या बोर्डवर लिहिलेलं नसतं.

ऑगस्टमध्ये बहिणीला भेटायला जाताना त्याच चार्जरवर थांबलो. गन नवी होती. पावसानं भेगा बुजल्या होत्या, झाकण मात्र तसंच फुटकं. मी फोटो काढून हेल्पलाइनला पाठवला, मग गन लावली. दहा मिनिटांनी दांड्याला हाताची मागची बाजू लावून पाहिली.

कोमट होता.