जाड पिनचा फोन

२००३ साली नोकियाचा ११०० बाजारात आला, तेव्हा रंगीत पडद्याचे आणि कॅमेऱ्याचे फोन दुकानांत दिसू लागले होते. याच्याकडे त्यातलं काही नव्हतं. काळीपांढरी चिमुकली स्क्रीन, तिच्याखाली एक मोठं बटण, आणि डोक्यावर दिवा. तरी जगभरात तो पंचवीस कोटींच्या घरात खपला.

नगर जिल्ह्यातल्या एका ऊसवाल्यानं तो घेतला तो या दिव्यासाठी. शेतीपंपाची लाइट आलटून-पालटून दिवसा आणि रात्री. रात्रीच्या पाळीत विहिरीवर जायचं म्हणजे बांधावर विंचूकाट्याचं भय. ‘सी’ लिहिलेलं बटण दाबून धरलं की उजेड पडे. दोन्ही हातांनी फावडं मारत दारं धरायची, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायचं असलं की तो फोन सरळ दातांत धरी. कीपॅड अखंड रबराचं, त्यामुळे धूळ आत शिरत नसे. कडा खरबरीत, म्हणून ओल्या हातातून निसटत नसे. कंपनीनं तो उष्ण, धुळीच्या देशांचा विचार करूनच घडवला होता. अशी चिखलाची परीक्षा मात्र कारखान्यात झाली नसावी.

१ मे २००३ पासून देशात इनकमिंग फुकट झालं. आउटगोइंगला पैसे पडतच होते. त्यावर घराघरांत तोडगा निघाला तो मिस्ड कॉलचा. या घरी एक रिंग म्हणजे लाइट आली, दोन म्हणजे जेवायला या. चुकून कुणी उचललाच, तर रुपया गेला म्हणून बोलणी बसत. मेसेज फारसे कुणी करत नसे. ‘येतो’ एवढं रोमन अक्षरांत लिहायलाही बटणं पुन्हापुन्हा दाबावी लागत.

संध्याकाळी फोनचा ताबा मुलाकडे. साप वाढवत न्यायचा आणि शेवटी आपल्याच शेपटीवर आपटून मरायचं. फिनलंडच्या तानेली अरमान्टो यांनी हा खेळ नोकियाच्या १९९७ च्या ६११० साठी रचला होता. ११०० मध्ये त्याची पुढची आवृत्ती होती. बाप ओरडे, पण खेळाच्या वेडापायी नव्हे, चार्जिंग उतरेल म्हणून.

विहिरीवरच्या रात्रीच्या हेलपाट्यांवर उपाय म्हणून पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ काढला: पंपाच्या स्टार्टरला मोबाइलचं यंत्र जोडायचं आणि घरबसल्या मोटर चालू-बंद करायची. २००९ मध्ये त्याला नोकियाच्याच स्पर्धेत पारितोषिक मिळालं. आपल्या ऊसवाल्यानं मात्र ते बसवलं नाही. मोटर घरून चालू होईल, पण दारं कोण धरणार, हा त्याचा सवाल. तो चुकीचा म्हणता येत नाही.

पुढे चार्जरची पिन बारीक झाली. पाहुण्यांकडे गेलं की ‘जाड पिन आहे का?’ विचारत फिरावं लागे. २०१६ नंतर स्वस्त डेटा आला, मुलानं स्मार्टफोन घेतला, साप मागे पडला. बापाचा फोन बदलला नाही. कीपॅडवरचे आकडे तेवढे पुसले गेले.

त्याची बीएल-५सी बॅटरी तालुक्याला अजून मिळते. पेनड्राइव्ह लावून भजनं वाजवायच्या छोट्या डब्यांतही तीच बसते. मुलानं एकदा आजीचा हरिपाठ चालू राहावा म्हणून बापाच्या फोनमधली काढून डब्यात घातली, आणि घरात दोन दिवस अबोला झाला. शेवटी बाप स्वतः दुकानात गेला. ‘फोनला पाहिजे का डब्याला?’ दुकानदारानं विचारलं.

‘दोन द्या.’