स्टोरेज फुल

परवा मोबाइलने सांगितलं, स्टोरेज फुल. काय उडवता येईल ते बघायला बसलो आणि बाबांनी पाठवलेले डोंगराचे फोटो निघाले.

२०१८ मध्ये आम्ही उलव्याला राहायला आलो. मी तेव्हा इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर. बाल्कनीतून उलव्याचा डोंगर दिसायचा, साधारण नव्वद मीटर उंच. विमानतळासाठी तो कापायचं काम चालू होतं. सुरुंग उडाला की काचा थरथरायच्या. बाबा दर रविवारी एक फोटो पाठवायचे, खाली लिहायचे, ‘आज एवढा उरला.’

मी उत्तर द्यायचो नाही. एकदाच दिलं, ‘बाबा, लेन्सवर अंगठा येतोय.’

इथला काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. डायनासोर संपत आले, त्या सुमाराचा. तो आमच्या होम लोनचे हप्ते फिटायच्या आत सपाट झाला. उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली. त्यांत खुद्द उलवे गावही होतं. आम्ही राहतो तो सिडकोचा नोड. पार्सलवर ज्या गावाचं नाव असतं, ते गाव आता त्याच्या जागेवर नाही. बाबांना हे फार लागायचं. माणसं गेली की निदान गाव तरी मागे राहतं, असं ते म्हणायचे. ते स्वतः कोकणातलं घर विकून इथे आले होते, त्यामुळे मला तेव्हा हसू यायचं.

शेवटचा फोटो ४ एप्रिल २०२१चा. दुसरी लाट. पुढचा रविवार आयसीयूत गेला, त्याच्या पुढचा आलाच नाही.

डोंगर त्यांच्यानंतरही उरला होता थोडा. २५ डिसेंबर २०२५ला विमानं सुरू झाली, तेव्हा आख्खी सोसायटी गच्चीवर होती. आई गेली नाही.

फोटो चाळताना लक्षात आलं, माझ्या त्या मेसेजनंतरचे सगळे फोटो स्वच्छ आहेत. डोंगर, आभाळ, क्रेन. बाबा कुठेच नाहीत. त्याआधीच्या सात फोटोंत कोपऱ्यात अंगठा आहे, धूसर, गुलाबी.

ऑफिसच्या ट्रेनिंगचे व्हिडिओ उडवून जागा केली. मग ते सात फोटो आईला दाखवले. एकात तर डोंगर दिसतच नाही, नुसता अंगठा.

“थांब,” म्हणाली आणि चष्मा शोधायला गेली.