तारण

'तारण' हा शब्द मी गेली पंचवीस वर्षे वेदीवरून उच्चारीत आलो आहे. प्रभूने आपले तारण केले असे आपण म्हणतो, आणि त्या शब्दावर क्रुसाची छाया असते. हाच शब्द बँकेच्या फलकावरही असतो. सोने तारण, स्थावर तारण, तारण कर्ज. तेथे तारण म्हणजे कर्ज फिटेपर्यंत धनकोच्या ताब्यात राहणारी वस्तू. एकाच शब्दात हे दोन अर्थ कसे नांदू लागले, ते भाषेच्या जाणकारांनी सांगावे. आमच्या सोलापुरातील दोघीजणी गेल्या वर्षी घरासाठी कर्ज काढायला निघाल्या, तेव्हा मात्र दोन्ही अर्थ माझ्या कचेरीतील टेबलावर एकाच वेळी येऊन पडले.

त्यांतील एक परिचारिका, वय ४६. दुसरी शिक्षिका, वय ४१. दोघींनीही लग्न केलेले नाही आणि दोघींपैकी कोणी व्रतस्थ भगिनीही नाही. अशा माणसांसाठी आपल्या धर्मग्रामांत ना मेळावा असतो ना संघटना. कुटुंबदिन आला की त्या मागच्या बाकावर बसतात. अकरा वर्षे दोघी एकत्र भाड्याने राहत आल्या. परिचारिकेचे वडील रेल्वेत होते. सोलापूर हे मध्य रेल्वेचे विभागीय ठिकाण असल्यामुळे आपली अनेक कुटुंबे रेल्वेच्या नोकरीनिमित्त येथे आली, क्वार्टरमध्ये वाढली, आणि निवृत्तीच्या दिवशी किल्ली परत देऊन बाहेर पडली. त्यामुळे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी 'पहिले घर' हे शब्द तिच्या तोंडी यावेत, यात आश्चर्य नाही.

जुळे सोलापुरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेली सदनिका त्यांनी पसंत केली. पाण्याची टाकी केवढी, हे अर्थातच आधी विचारले. किंमत २६ लाख. दोघींची साठवण मिळून ६ लाख. उरलेल्या २० लाखांचे कर्ज हवे होते. एकीच्या पगारावर ते बसत नव्हते, दोघींच्या पगारावर सहज बसत होते.

पहिल्या बँकेने अर्ज परत केला. सहकर्जदार जवळचा नातेवाईक असावा, असा तिचा नियम होता. पती, पत्नी, आईवडील, मुलगा, फार तर सख्खे भावंड. तेथील एका सद्गृहस्थांनी वाट सुचवली की, "चर्चकडून बहिणी असल्याचा दाखला आणा, पुढचे मी बघतो." दोघी माझ्याकडे आल्या. शिक्षिका खाली मान घालून म्हणाली, "फादर, आम्ही बहिणींसारख्याच आहोत ना?"

तो दाखला मी दिला नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दोघींच्या आईवडिलांची नावे वेगवेगळी आहेत, आणि त्या वहीवर माझा अधिकार फक्त ती जपण्याचा आहे. पण वही चाळताना एक नोंद सापडली. शिक्षिकेच्या दृढीकरणाच्या वेळी धर्ममाता म्हणून उभी राहिली होती ती हीच परिचारिका. तेव्हा एक चौदा वर्षांची, दुसरी एकोणीस. हे नाते मी शिक्क्यासह लिहून देऊ शकत होतो! आध्यात्मिक नात्याला आपल्या ख्रिस्तसभेने कधी हलके लेखलेले नाही. १९८३ साली नवी धर्मविधिसंहिता येईपर्यंत बाप्तिस्म्यातील धर्ममातापित्यांशी जडणारे नाते इतके खरे मानले जाई की त्यातून विवाहाला अडथळा निर्माण होई. बँकेच्या अर्जात मात्र धर्ममातेसाठी रकाना नव्हता.

यात कायद्याचा दोष नाही, हे सांगितले पाहिजे. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा कोणत्याही दोन सज्ञान व्यक्तींना एकत्र घर घेऊ देतो. ती एकमेकांची कोण, हे तो विचारीत नाही. अडसर असतो तो बँकांच्या स्वतःच्या नियमांचा. त्यामागील विचारही मला समजतो. नवराबायको भांडली तरी घर सहसा टिकते, मित्र भांडले तर दोघेही हप्ता थांबवतील, अशी त्यांना धास्ती वाटते. (कुटुंबन्यायालयाच्या पायऱ्या मी पाहिल्या आहेत, पहिल्या विधानाबद्दल माझी खात्री नाही.) मौज अशी की मित्र जामीनदार म्हणून आला तर त्याच बँका त्याचे स्वागत करतात. मैत्रिणीचे कर्ज फेडायला मैत्रीण चालते, तिच्याबरोबर घराची मालकीण व्हायला चालत नाही.

सेमिनरीत असताना आम्हांला व्याजाचा इतिहास शिकवला गेला, तेव्हा तो कंटाळवाणा वाटला होता. गरिबांना सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी १४६२ साली इटलीतील पेरुजा येथे तारण घेऊन अल्प खर्चात कर्ज देणारी पेढी काढली. अशा पेढ्यांनी खर्चापुरते व्याज घ्यावे की नाही, यावर धर्मपंडितांत अर्धशतक वाद चालला. १५१५ साली पोप दहावे लिओ यांनी त्यास मान्यता दिली. आपल्याकडे १९१८ साली वसईत मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी कॅथोलिकांची सहकारी पतसंस्था उभी केली, ती आज मोठी बँक आहे. सहकारी पतपेढीचा मूळ पायाच असा की एका सभासदाच्या कर्जाला दुसरा सभासद जामीन राहतो. तो भाऊच असला पाहिजे, अशी अट कधी नव्हती.

आणि सोलापूरकराला हे धडे इटलीतून आणण्याचे कारणच नाही. शहराबाहेर कुंभारीला जाऊन यावे. तेथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरांची वसाहत आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे त्यांना मिळाली. तिच्यामागे ज्यांची वर्षानुवर्षांची चळवळ होती त्या नरसय्या आडम मास्तरांचा पक्ष आणि माझा पंथ यांचे देवाच्या बाबतीत जमणे कठीण आहे. पण घराच्या बाबतीत मी त्यांना नमस्कार करतो. पुढे त्याच कुंभारीत रे नगर हा ३०,००० घरांचा प्रकल्प आला आणि त्यांतील १५,००० घरे जानेवारी २०२४मध्ये कामगारांना दिली गेली. सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई एकटीने कोणत्या बँकेचा उंबरठा चढली असती? त्या एकत्र आल्या त्या रक्ताच्या नात्याने आल्या नव्हत्या. हे मी दोघींना सांगितले तेव्हा परिचारिका म्हणाली, "फादर, त्या हजारो होत्या. आम्ही दोघीच आहोत."

खरेच होते ते. त्यांनी आणखी तीन दारे ठोठावली. अखेर एका वित्तसंस्थेने दोघींचा संयुक्त अर्ज स्वीकारला. व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे, हप्ता १७,३५६ रुपये. शिक्षिका गणित शिकवते, तिने तेथेच हिशेब मांडला. पहिल्या हप्त्यातील १४,१६७ रुपये व्याजात जाणार, मुद्दलातून जेमतेम ३,१८९ फिटणार. वीस वर्षांत एकूण ४१ लाख ६५ हजारांच्या वर भरावे लागणार. दोघीही स्त्रिया असल्यामुळे मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळाली, हा तेवढा दिलासा.

सही करण्यापूर्वी मी त्यांना एक कलम मोठ्याने वाचायला लावले. घर निम्मे निम्मे होते. कर्ज मात्र तसे नव्हते. १८७२च्या करार कायद्यानुसार संयुक्त कर्जदारांपैकी कोणा एकाकडूनही धनको संपूर्ण रक्कम मागू शकतो. उद्या एकीची नोकरी गेली, एक आजारी पडली, एक रुसून निघून गेली, तर उरलेली अर्ध्या घराची मालकीण आणि संपूर्ण कर्जाची धनी. सिराखच्या ग्रंथात, जो आपल्या बायबलमध्ये आहे आणि प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये नाही, जामीन राहणाऱ्याची प्रशंसा आहे, आणि लगेच पुढे जामीनकीने किती जणांची घरे बुडाली याचे वर्णनही आहे. तो लेखक व्यवहारी होता. संत पॉलही व्यवहारी होता. ओनेसिमसाठी फिलेमोनाला पत्र लिहिताना, त्याचे जे काही देणे असेल ते मी भरीन, हे त्याने लेखनिकाकडून लिहवले नाही, स्वतःच्या हाताने लिहिले.

म्हणून मी म्हटले, आता तुमच्या दोघींमधला कागद करा. कोणी किती भरायचे, एकीला बाहेर पडायचे झाल्यास दुसरीने तिचा हिस्सा कोणत्या दराने घ्यायचा, हे सारे लिहा. परिचारिका दुखावली. "इतक्या वर्षांत आमच्यात दुधाचा हिशेब झाला नाही फादर, आणि आता करारनामा?" मी तिला मरणाबद्दल विचारले. रुग्णालयात काम करणाऱ्या बाईला तो विषय नवा नव्हता, पण स्वतःच्या बाबतीत तिने तो केला नव्हता. आपल्याला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्राशिवाय ती गेली तर तिचे अर्धे घर तिच्या दोन भावांकडे जाईल. मैत्रिणीला त्यातले काही मिळणार नाही. ते भाऊ भले आहेत, पण भावांनाही संसार असतात. आणि सहमालक आपला हिस्सा परक्याला विकू शकतो. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात अशा परक्याला शिरता येऊ नये म्हणून कायद्याने बंधन घातले आहे. मैत्रिणींच्या घराला ते संरक्षण नाही. वीस वर्षे हप्ते भरलेल्या बाईला म्हातारपणी स्वतःच्या स्वयंपाकघरात अनोळखी माणूस भेटेल.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लिहू या."

योहानाच्या शुभवर्तमानातील क्रुसाखालचा प्रसंग मला त्या दिवशी निराळा दिसला. आपल्या आईची सोय प्रभूने नातेवाइकांवर सोडली नाही. शिष्याकडे तिला सोपवले, साक्षीदारांसमोर, शब्दांत, वेळ असताना. आणि शिष्याने तिला घरी नेले.

परिचारिकेचे मृत्युपत्र झाले आहे. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून एक मी आणि दुसरे तिच्या खात्यातील निवृत्त डॉक्टर. दोघींच्या पश्चात घर चर्चला द्यावे, असे कोणीतरी मध्ये सुचवले होते. ती सूचना मी तेथेच थांबवली. साक्षीदाराला ते शोभले नसते. आपल्या कायद्यात लग्न केल्यास आधीचे मृत्युपत्र रद्द होते, हे मी सांगितले तेव्हा दोघी खूप हसल्या.

मूळ खरेदीखत आता वित्तसंस्थेकडे आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३च्या आदेशानुसार कर्ज फिटल्यावर ३० दिवसांच्या आत ते परत मिळाले पाहिजे. शिक्षिकेचे मृत्युपत्र मात्र अजून राहिले आहे. तिची आई हयात आहे, आणि मुलीने आपला हिस्सा आईला न देता मैत्रिणीला का दिला, हे त्या माउलीला आधी समजावून सांगावे लागेल. मिस्सेनंतर मी तिला विचारतो. सहामाहीचे पेपर तपासून झाले की गावी जाते, असे ती म्हणते.