तिने स्वतःला तीन दिले होते

हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत मी टीम लीड आहे. मार्चमध्ये अप्रेझलचे फॉर्म उघडतात. आधी प्रत्येक जण स्वतःला एक ते पाचमधलं रेटिंग देतो, केलेली कामं लिहितो. मग फॉर्म माझ्याकडे येतो. माझा रकाना त्याच्या आकड्याला चिकटूनच असतो.

सपोर्टचं काम बघणाऱ्या एका मुलीने एका वर्षी स्वतःला तीन दिले होते. ‘नेमून दिलेली कामं वेळेत केली,’ एवढंच लिहिलेलं. महिनाअखेरीला बिलिंगची बॅच रात्रभर अडकायची आणि सकाळी क्लायंटचे फोन सुरू व्हायचे. ते दुखणं तिने मुळापासून काढलं होतं, पण फॉर्ममध्ये त्याचा उल्लेखही नव्हता. दुसऱ्या एकाने रिपोर्टच्या एका साध्या स्क्रीनवर दीड पान लिहून स्वतःला पाच दिले होते.

मी तिला पाच दिले, त्याला तीन. सगळ्यांची रेटिंग एकमेकांशी ताडून पक्की करतात त्या नॉर्मलायझेशनच्या बैठकीत पहिलाच प्रश्न आला, “तिने स्वतःच तीन दिलेत, तुम्ही पाच कुठून आणले?” त्याच्याबद्दल मात्र, “पाच मागतोय, तीनवर सोडून जाईल. चार करू या.” दोघांचंही काम तिथे कुणी पाहिलेलं नव्हतं. मी तिकिटांच्या नोंदी स्क्रीनवर लावल्या, बॅचच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळा दाखवल्या. अखेर दोघांनाही चार मिळाले.

मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि कानेमन यांनी 1974 च्या लेखात एका चक्राचा प्रयोग सांगितला आहे. चक्र 10 वर थांबलं की लोक संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश 25 टक्के असतील असा अंदाज सांगायचे, 65 वर थांबलं की 45 टक्के. निरर्थक आकडा एवढा ओढतो, तर माणसाने स्वतःच स्वतःला दिलेला किती ओढत असेल! आणि संकोचाने कमी आकडा टाकणाऱ्यांत मला मुलीच जास्त दिसतात.

लीडने आपलं रेटिंग भरेपर्यंत समोरच्याचा आकडा झाकावा, मजकूर तेवढा दिसावा, असं मी एचआरला लिहून दिलं. सिस्टीम बदलता येत नाही, असं उत्तर आलं. म्हणून आता फॉर्म उघडण्याआधीच, फेब्रुवारीत, मी माझे आकडे कारणांसकट वहीत लिहून ठेवते. मागणी अजून सोडलेली नाही.

चार मिळाल्याचं कळल्यावर ती मुलगी फार खूश झाली. मी तिला खुर्चीवर बसवलं, पाच दिले होते आणि ते का उतरले ते सांगितलं. मग आम्ही दोघींनी बॅचचं सगळं काम, तारखांसकट, तिच्या नावावर लिहून काढलं.