पवईच्या आवारातले शेजारी

मुंबईत झाडे-पाखरे पाहायची तर लोक राणीच्या बागेत किंवा बोरिवलीच्या जंगलात जातात. पण एखाद्या कॉलेजचे आवारही पाहण्यासारखे असते, हे पवईच्या आयआयटीत गेल्यावर कळते. १९५८ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या एका बाजूला पवई तलाव, दुसऱ्या बाजूला विहार तलाव आणि त्यापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. त्यामुळे इथे विद्यार्थ्यांशिवाय इतरही रहिवासी आहेत. कधीकधी बिबट्यासुद्धा फेरी मारून जातो.

डिसेंबरात तिथला 'टेकफेस्ट' दाखवायला आम्ही काही शिक्षक नववीची मुले घेऊन गेलो. मुलांचे सगळे लक्ष यंत्रमानवांकडे. दुपारी डबे खायला सावलीत बसलो, तेव्हा कुठे नजर वर गेली. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, बहाव्याच्या लांब काळ्या शेंगा. बहावा म्हणजे आपल्या उर्दूच्या पुस्तकातला अमलतास, हे सांगितल्यावर मुलांना जुनी ओळख निघाल्यासारखे वाटले. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पण नावातला 'गुल' फारसीतला. आणि बुलबुल तर मराठीत, उर्दूत, इंग्रजीतही बुलबुलच!

तलावाकडे जलपर्णीवरून कमळपक्षी चालत होते. पाणकावळे पंख पसरून उन्हात वाळवत होते. मगर मात्र दिसली नाही. "सर, उर्दूत तर 'मगर' म्हणजे 'परंतु'!" असे एकजण म्हणाला आणि सगळे हसले.

ही मगर पवई तलावात खरोखर राहते. तलाव १८९१ सालचा, म्हणजे संस्थेहून कितीतरी जुना. मगर पाण्यात राहत असली तरी तिचे घर काठावर असते. थंडीत ऊन खायला ती काठावर येते, मातीत बीळ करते आणि उन्हाळ्याच्या सुमाराला तिथेच खड्डा खणून अंडी घालते. पाणी तसेच ठेवून काठ तेवढा बांधून काढला, तरी तिचा संसार मोडतो.

नेमके तेच होऊ घातले होते. महापालिकेने तलावाभोवती सायकल मार्गाचे काम हाती घेतले. सायकल चांगलीच, पण मार्गासाठी काठावर भराव पडू लागला. तेव्हा आयआयटीतलेच दोन संशोधक विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवले आणि टाकलेला भराव काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला.

परतीच्या बसमध्ये मुलांना हे सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, "मगरीसाठी कोर्टात? त्यांना कोणी हसले नाही का?" हसलेही असतील. पण ज्या तलावाशेजारी आपण शिकतो, तिथे कोण राहते हे ज्याला ठाऊक असते, तोच त्याच्यासाठी उभा राहतो. ज्याला फक्त 'झाड' आणि 'पक्षी' एवढेच शब्द येतात, त्याला एक झाड पडले काय किंवा एक पक्षी दिसेनासा झाला काय, पत्ता लागत नाही.

यासाठी पवईलाच जायला हवे असे नाही. आमच्या शाळेत आता प्रत्येक वर्गाची एक वही आहे. आवारातले झाड, त्याचे मराठी नाव, उर्दू नाव, फुलण्याचा महिना आणि त्यावर येणारे पक्षी, एवढेच त्यात लिहायचे. आजवर एकवीस नावे झाली. त्यांतली सात मुलांना घरी आजी-नानींनी सांगितली. आपल्याही घरात अशी नावे माहीत असलेले कोणी असेल. मुलांना त्यांच्याजवळ वही घेऊन बसवा.